शेळ्या-मेंढ्यांच्या हृदयातील परोपजीवीची तपासणी

कळपातील शेळ्या एकामागून एक गाभडू लागल्या, म्हणजे पाळणाऱ्याचे वर्षाचे उत्पन्न बुडते. गाभडण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय परोपजीवी होय. १९०८ साली ट्यूनिस येथे निकोल व मांसो यांनी गुंडी नावाच्या कृंतक प्राण्यात तो पाहिला. परंतु मांजराच्या विष्ठेवाटे त्याचा प्रसार होतो, हे कळण्यास १९७० साल उजाडावे लागले. दूषित चारा-पाण्याबरोबर तो शेळीच्या पोटात जातो आणि पुढे मेंदूत व स्नायूंत सूक्ष्म पुटी करून वर्षानुवर्षे राहतो. हृदयाच्या स्नायूत या पुटी विशेष सापडतात. म्हणून संसर्ग कोठवर पसरला आहे हे पाहावयाचे असता कत्तल झालेल्या जनावराचे हृदय प्रयोगशाळेत आणवितात.

येथेच खरी अडचण आहे. पुटी सहसा एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून मोठी नसते, आणि सबंध हृदयात अशा पुटी थोड्या व विखुरलेल्या असतात. जुन्या पद्धतीत ऊतकाचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दोन सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद आणि पाच मायक्रॉन जाड अशा कापाचे वजन किती भरेल? जेमतेम एक मिलिग्रॅम! तेव्हा कापात काही दिसले नाही, एवढ्यावरून जनावर निरोगी ठरविणे म्हणजे ज्वारीच्या पोत्यातील एक दाणा पाहून सबंध पोते किडके नाही असे म्हणण्यासारखे आहे.

यावर उपाय म्हणून पेप्सिनने ऊतक पचविण्याची पद्धत वापरतात. पुटीतील परोपजीवी पेप्सिनला काही काळ दाद देत नाहीत, हे १९६० साली दाखविण्यात आले होते. चरबी काढून सुमारे ५० ग्रॅम हृदय वाटावे, आम्लयुक्त पेप्सिनमध्ये ३७ अंश सेल्सिअसला तासभर ठेवावे, गाळून अपकेंद्रण करावे आणि तळाचा साका घ्यावा. आम्ल जास्त वेळ राहिल्यास परोपजीवीही मरतात. यास्तव १९९८ साली सुधारलेल्या पद्धतीत सोडियम बायकार्बोनेटने ते उदासीन करतात. एका कापाच्या पन्नास हजार पट ऊतक अशा रीतीने तपासले जाते. जिवंत परोपजीवी पाहण्यासाठी हा साका उंदरांना टोचतात; त्यास मात्र कित्येक आठवडे लागतात.

पीसीआर ही जनुकीय चाचणी त्वरित होते. तथापि तिच्यातही नेहमीच्या रीतीने काही मिलिग्रॅम ऊतकच जाते, म्हणजे मूळ दोष तसाच राहतो. २०१० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी १०० ग्रॅम ऊतकातून परोपजीवीचे डीएनए चुंबकीय कणांच्या साहाय्याने वेचून काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली, ती या दृष्टीने महत्त्वाची आहे.

नमुना पाठविणाराने शक्यतो अखंड हृदय बर्फावर पाठवावे. ते गोठविल्यास पुटी मरतात व उंदरांवरील चाचणी निरुपयोगी होते. पीसीआर मात्र होऊ शकते. फॉर्मालिनमध्ये केवळ कापासाठीचा लहान तुकडाच ठेवावा. हृदयातील रक्ताची गुठळी फेकून देऊ नये, कारण तिच्या द्रवात प्रतिपिंडे तपासता येतात. हातमोजे अवश्य घालावे. गर्भवती स्त्रियांनी हे काम करू नये.

शेळी का गाभडली हे ठरविण्यास हृदय पुरेसे नाही. हृदयातील पुटी पूर्वीच्या संसर्गाचीही असू शकते. त्यासाठी वार आणि गाभडलेल्या करडाचा मेंदू त्याच दिवशी बर्फावर ठेवून पशुवैद्यकाकडे पोहोचवावा, आणि उरलेली वार मांजरा-कुत्र्यांच्या हाती लागणार नाही अशी खोल पुरावी.