मंडळी वाढते तेव्हा काय हरवतं?

मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. “आमची मंडळी वाढते आहे, मंदिरात जागा पुरत नाही. दोन उपासना कराव्यात तर जुनी माणसं रुसतात. न कराव्यात तर नवी माणसं दाराशी उभी राहून परत जातात. काय करावं?”

उत्तर देण्याआधी मी माझी चूक सांगतो, कारण जे काही शिकलो ते तिच्यातूनच.

दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात मी मराठी मंडळीचा पाळक होतो. सुरुवातीला चाळीसेक कुटुंबं होती. कुणी नगरकडचं, कुणी जालन्याचं, कुणी मिरजेचं, सगळी नोकरीच्या निमित्तानं आलेली. रविवारी कोण आलं नाही हे बाकाकडे नुसतं बघून कळायचं. पुढे नवी तरुण कुटुंबं येऊ लागली आणि दहा वर्षांत संख्या दुप्पट झाली. मुलं घरी मराठी बोलायची, पण शाळा इंग्रजी. ‘उपासना संगीत’ हातात दिलं की एक ओळ वाचेपर्यंत गाणं पुढे निघून जायचं.

मी आणि पंचांनी मिळून ठरवलं : सकाळी 8 वाजता पेटी-तबल्यावरची मराठी उपासना, 10 वाजता मराठी-इंग्रजी मिश्र उपासना. कागदावर योजना नीटनेटकी होती. एका रविवारी आशीर्वादाआधी, बाकीच्या सूचनांबरोबर मी ती वाचून दाखवली. पुढच्या महिन्यापासून लागू.

त्या दिवशी मंदिराच्या पायरीवर एक मावशी थांबल्या. तीस वर्षं भजनाला त्या टाळ धरायच्या. मला वाटलं, आता पेटीबद्दल किंवा गिटारबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, “पाळकसाहेब, माझी नात दहाला येणार, मी आठला. मग मी तिच्याशेजारी बसायचं कधी?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही बाकं मोजली होती, वेळा मोजल्या होत्या. आठवड्यातून एकदा आजी आणि नात एका बाकावर बसतात, हे मोजलंच नव्हतं.

इथेच मुद्दा आहे. मंडळी बदलाला विरोध करते असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा माणूस नव्याला नाही म्हणत नसतो. त्याच्या हातून काहीतरी सुटतंय, ते तो सांगत असतो. कधी ते शेजारचं माणूस असतं, कधी भजन सुरू करून देण्याचा मान, कधी आपल्याला इथे सगळे नावानं ओळखतात हा आधार. ते ऐकून घेतलं नाही, तर तेच गाऱ्हाणं पुढे पेटीच्या, वेळेच्या, चपलांच्या स्टँडच्या नावानं बाहेर येतं.

हा प्रश्न आजचा नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 काढा. शिष्यांची संख्या वाढत होती आणि नेमकी तेव्हाच कुरकुर सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्यांचं म्हणणं होतं की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. म्हणजे वाढ आणि तक्रार एकाच वेळी आली. बारा जणांनी काय केलं बघा. त्यांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही. सगळ्या शिष्यांना बोलावलं, अडचण उघड मांडली आणि माणसं तुम्हीच निवडा म्हणून सांगितलं. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. त्यावरून अनेक अभ्यासक मानतात की ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटणीचं काम दिलं गेलं.

आम्हीही उशिरा का होईना, तेच केलं. योजना तीन महिने पुढे ढकलली आणि घरभेटी सुरू केल्या. त्यातून चार गोष्टी हाती लागल्या.

पहिली, निर्णयाआधी विचारा. “तुम्हांला हे पसंत आहे का?” असं नको. “यात तुमचं काय जाईल?” असं विचारा. उत्तरं वेगळी येतात.

दुसरी, काय बदलणार नाही ते आधी सांगा. आम्ही ठरवलं की महिन्याच्या पहिल्या रविवारी एकच उपासना, एकच प्रभुभोजन. जागा कमी पडली तर अंगणात मांडव. आजी आणि नात त्या दिवशी शेजारी बसल्या.

तिसरी, ज्याची हरकत त्याच्याच हाती काम द्या. मावशींनी दहाच्या उपासनेआधी तरुणांना दर आठवड्याला एक भजन शिकवायला घेतलं. शब्द पडद्यावर रोमन लिपीतही दिले. गिटार राहिली, टाळही आला.

चौथी, मुदत ठेवा. “सहा महिने करून बघू, मग सगळे बसून ठरवू,” असं म्हटलं आणि खरोखर बसलो. त्या बैठकीत वेळ 10 वरून साडेदहा केली, कारण लहान मुलांच्या आया शब्बाथ शाळेसाठी धापा टाकत येत होत्या.

सगळं गोड झालं असं नाही. एक जुनं कुटुंब मंडळी सोडून गेलं. मी आधी त्यांच्या घरी गेलो असतो तर कदाचित राहिलं असतं. ते मला अजून लागतं.

आणि तरुणांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. ज्या भजनांना तुम्ही ‘जुनी’ म्हणता, ती एके काळी नवीनच होती. रेव्ह. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. तोवर मराठी मंडळ्यांत परदेशी चालींवरची भाषांतरित गीतं बरीच चालत. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची, इथल्या मातीतली भजनं दिली. आज आपण जे जिवापाड जपतो, तो कुणीतरी स्वीकारलेला बदलच आहे. तेव्हा वडीलधाऱ्यांनी नव्याला थोडी जागा द्यावी, आणि तुम्हीही आपलं नवं उद्या कुणाचं तरी जुनं होणार हे ध्यानात ठेवावं.

या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या मंडळीत बदलाबद्दल जो सगळ्यांत नाराज आहे, त्याच्या घरी जा. योजना समजावू नका. चहा घ्या आणि विचारा, “यात तुमचं काय जातंय?” मग ऐका.

पुढच्या भागात घरगुती प्रार्थनागटांबद्दल बोलू. तोवर प्रभू तुम्हां सर्वांना राखो.