माथ्यावर पकड, कडेला वंगण

आज एक साधा प्रश्न घेऊ. रेल्वेचं चाक रुळावर नेमकं किती जागेत टेकतं? साधारण बोटाच्या नखाएवढ्या. भरलेल्या मालगाडीत एकेका चाकावर 11-12 टन भार येतो, तो सगळा या नखाएवढ्या जागेतून रुळात उतरतो. गाडी ओढायची तिथूनच, थांबवायची तिथूनच. मग तिथे घर्षण हवं की नको?

कर्जत-लोणावळा घाट बघा. दर 37 मीटरला 1 मीटर चढ. समजा, इंजिन 120 टनांचं आहे आणि त्याच्या सगळ्या चाकांना मोटरी आहेत. घर्षणाचा गुणांक 0.3 धरला तर ते जास्तीत जास्त 36 टनांचा जोर लावेल. 36 गुणिले 37 म्हणजे 1,332 टन. इंजिनासकट एवढंच वजन ते चढावर नेईल, तेही बाकीचे अवरोध न धरता. आता रूळ निसरडा होऊन गुणांक 0.1 झाला, तर उरतात 444 टन! इंजिन तेच, ताकद तीच, पण चाकं जागच्या जागी फिरणार. म्हणून घाटात मागून बँकर इंजिनं लावतात, आणि चाकापुढे वाळू सोडायची सोय असते. आणि धो धो पावसापेक्षा भुरभुर वाईट बरं का. मोठा पाऊस रूळ धुऊन काढतो. भुरभुरीत गंज-धुळीचा निसरडा लेप तयार होतो.

मग तुम्ही म्हणाल, घर्षण जितकं जास्त तितकं बरं. तसंही नाही. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, फेरे मात्र दोघांचे सारखेच. चाकाच्या निमुळत्या आकारामुळे थोडा फरक भरून निघतो, पण तीव्र वळणावर तो पुरत नाही. मग चाकाची कड बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला घासते. ती जागा कोरडी असेल तर रूळ आणि कड दोन्ही झिजतात, ऊर्जा वाया जाते, आणि कड रुळावर चढून गाडी घसरण्याचा धोकाही वाढतो.

म्हणून वळणावर रुळाच्या आतल्या अंगाला ग्रीस लावतात. पण तेच ग्रीस काही सेंटिमीटर सरकून माथ्यावर आलं, तर इंजिनाची पकड जाते आणि ब्रेक लावूनही गाडी लांबवर जाते. उत्तर अमेरिकेतल्या जड मालवाहतुकीच्या मार्गांवर माथ्यासाठी वेगळा पदार्थ वापरतात. त्याचा पातळ थर बसतो, आणि गुणांक 0.3 ते 0.4 च्या आसपास राहतो. फार घासायचं नाही, घसरायचंही नाही.

तर घर्षण हवं की नको, याचं उत्तर एकाच रुळावर दोन ठिकाणी वेगळं आहे. कडेला कमीत कमी, माथ्यावर बेताचं. आणि कडेचं वंगण माथ्यावर येऊ द्यायचं नाही, यातच सगळं कौशल्य आहे.