घड्याळ लावलेले तिकीट

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडच्या नावातच रेल्वे आहे, कारण सिग्नल आणि सांधे जिथून हलवले जात, त्या खोलीला रेल्वेच्या बोलीत केबिन म्हणतात. या भागातून चर्चगेट सुमारे 43 किलोमीटर दूर असल्यामुळे येथील नोकरदारांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. सकाळी लोंढा दक्षिणेकडे जातो आणि संध्याकाळी तोच उत्तरेकडे परततो. गर्दीच्या वेळा टाळणाऱ्याला स्वस्तात प्रवास करू देणारे, म्हणजेच ज्याला इतरत्र 'ऑफ-पीक' तिकीट म्हणतात ते, या मार्गावर मिळत नाही. तरीही वेळेची अट प्रवाशाच्या आयुष्यात काय उलथापालथ करते, याचा अनुभव या मार्गाने एकदा पुरेपूर घेतला आहे.

ऑफ-पीक तिकिटामागचा हिशेब साधा आहे. गाड्या, फलाट आणि कर्मचारी यांची तरतूद सर्वाधिक गर्दीच्या दोन-चार तासांसाठी करावी लागते आणि उरलेल्या वेळी तिचा बराचसा भाग रिकामा राहतो. म्हणून ज्याला वेळ बदलणे शक्य आहे त्याला सवलत देऊन रिकाम्या वेळेकडे वळवायचे, आणि त्या बदल्यात ठरावीक तासांत ते तिकीट चालणार नाही अशी अट घालायची.

मुंबईच्या लोकलमध्ये भाडे अंतरावर आणि डब्याच्या वर्गावर ठरते, घड्याळावर नाही. तिकीट काढल्यापासून एका तासाच्या आत प्रवास सुरू करावा, ही सूचना पुष्कळांना वेळेचे बंधन वाटते. परंतु तिचा गर्दीशी संबंध नसून एकच तिकीट पुन्हा पुन्हा वापरले जाऊ नये, एवढाच तिचा उद्देश आहे, आणि तास मोजायचा तो प्रवास सुरू करण्यापुरता, उतरण्यापर्यंतचा नव्हे. महिलांचे काही डबे ठरावीक वेळीच राखीव असतात, पण तेथेही घड्याळ डब्याला लागू होते, तिकिटाला नाही. मासिक पास तर दिवसाच्या कोणत्याही वेळी चालतो आणि रोजच्या प्रवाशाला सुट्या तिकिटांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. म्हणजे येथे सवलत मिळते ती गर्दी टाळणाऱ्याला नव्हे, तर रोज त्या गर्दीत उभे राहणाऱ्याला. पोटासाठी रोज हा प्रवास करणाऱ्यांच्या शहरात हेच न्याय्य आहे.

हे सूत्र करोनाच्या काळात मोडले. मार्च 2020 मध्ये थांबलेली लोकल 15 जून 2020 पासून केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी धावू लागली, आणि 21 ऑक्टोबरपासून महिलांना सकाळी 11 ते दुपारी 3 आणि संध्याकाळी 7 नंतर प्रवासाची मुभा मिळाली. पुढे 1 फेब्रुवारी 2021 पासून सर्वसामान्यांसाठी तीन वेळा ठरल्या: पहिल्या गाडीपासून सकाळी 7 पर्यंत, दुपारी 12 ते 4, आणि रात्री 9 पासून शेवटच्या गाडीपर्यंत. संसर्ग रोखण्यासाठी गर्दी पांगवणे तेव्हा आवश्यकच होते. परंतु सकाळी सातच्या आत गाडी पकडणे हे पहाटे उठून साधता येते, तर सहाला कामावरून सुटलेल्या माणसाला नऊपर्यंतचे तीन तास शहरातच काढावे लागत आणि नऊची गाडी मिळाली तरी भाईंदरला उतरेपर्यंत दहा वाजून जात. सकाळची वेळ काही अंशी प्रवाशाच्या हातात असते. संध्याकाळची वेळ कामाच्या ठिकाणी ठरते आणि परतीला पर्याय नसतो.

दिल्ली मेट्रोने स्मार्ट कार्डावर जी जादा सवलत दिली, तिच्या वेळा पाहिल्या तर आश्चर्य वाटते: सकाळी 8 पर्यंत, दुपारी 12 ते 5 आणि रात्री 9 नंतर. घड्याळ जवळपास तेच आहे. पण दिल्लीत वेळ चुकली तर प्रवाशाची सवलत तेवढी बुडते, आणि मुंबईत करोनाच्या काळात वेळेबाहेर सर्वसामान्यांना गाडीच बंद होती.

सर्वांत बोधक नियम लंडनच्या भुयारी रेल्वेचा आहे. तेथे कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी 4 ते संध्याकाळी 7 या वेळेत जादा भाडे पडते. मात्र संध्याकाळी बाहेरच्या पट्ट्यांतून शहराच्या मध्यभागी, म्हणजे 'झोन 1'मध्ये, जाणाऱ्याला कमी गर्दीचेच भाडे लागते, कारण तो लोंढ्याच्या उलट दिशेने जात असतो. जपानच्या जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने मार्च 2023 मध्ये टोकियो परिसरात नेहमीपेक्षा सुमारे दहा टक्के स्वस्त असा ऑफ-पीक पास आणला, त्यात बंधन फक्त कामाच्या दिवसांतील सकाळच्या गर्दीचे आहे. त्या वेळी स्थानकात शिरल्यास वेगळे भाडे कापले जाते, आणि संध्याकाळी घरी परतणाऱ्याला घड्याळ पाहावे लागत नाही.

मुंबईच्या 2021 च्या नियमात लंडनसारखा दिशेचा विचार नव्हता. संध्याकाळी सहाला चर्चगेटहून भाईंदरकडे निघणारी खच्चून भरलेली गाडी आणि त्याच वेळी भाईंदरहून चर्चगेटकडे जाणारी त्या मानाने मोकळी गाडी, या दोन्ही त्याने एकाच मापाने मोजल्या. त्यामुळे अत्यावश्यक सेवेच्या यादीत नसलेला, पण रात्रपाळीसाठी केबिन रोडवरून निघणारा कामगार, लोंढ्याच्या उलट जात असूनही चार ते नऊ या वेळेत फलाटाबाहेरच राहिला.