सोळाशे मीटरची पहाट

धाराशिव जिल्ह्यात पहाटेच्या अंधारात जी तरुण मुले-मुली धावताना दिसतात, त्यांतली बरीचशी पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करत असतात. पुण्या-मुंबईत पहाटेची धाव वजन, मधुमेह किंवा मॅरेथॉनसाठी सुरू होते. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब या भागात ती नोकरीसाठी सुरू होते. पावसाच्या भरवशावरची शेती आणि मोजके कारखाने असलेल्या या जिल्ह्यात वर्दीची नोकरी हा घराला सावरणारा मार्ग आहे. म्हणूनच ‘ग्राउंड निघालं का?’ हा प्रश्न इथल्या अनेक घरांत काळजीने विचारला जातो.

ग्राउंड म्हणजे शारीरिक चाचणी. पोलीस शिपाई पदासाठी ती ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ गुण मिळतात. मुलींसाठी लांबची धाव ८०० मीटरची असते, गुणांची विभागणी तीच. या ५० पैकी किमान निम्मे गुण पडले तरच १०० गुणांच्या लेखी परीक्षेचा विचार होतो.

१६०० मीटरला पूर्ण गुण हवे असतील तर ती धाव ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत संपवावी लागते. ४०० मीटरच्या मैदानावर हे चार राउंड होतात, म्हणजे एका राउंडला साधारण ७७ सेकंद. नवख्याची चूक पहिल्याच राउंडमध्ये होते. घोळक्याबरोबर तो ६८-७० सेकंदांत पहिला राउंड मारतो. त्या वेगाला लागणारा प्राणवायू स्नायूंना पुरत नाही, पाय जड होतात आणि तिसऱ्या राउंडला वेग इतका पडतो की आधी कमावलेले सेकंद दुपटीने जातात. ‘टायमिंग बसणे’ म्हणजे चारही राउंड जवळजवळ सारख्या वेळात येणे. ही सवय घड्याळ लावून, थकवा नसताना अंगी बाणवावी लागते.

पहाटेची वेळ निवडण्यामागे हवामान आहे. इथल्या बालाघाटच्या पठारावर मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो, पण रात्री जमीन निवते. उन्हात धावताना हृदयाला स्नायूंकडे रक्त पाठवायचे असते आणि शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडेही. तोच वेग त्यामुळे दुप्पट महाग वाटतो. मेअखेरीस सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा पाचला सुरुवात केली की सराव उन्हाआधी आटोपतो. जानेवारीत उजाडायला सात वाजतात. त्या दिवसांत उशिरा निघणे शहाणपणाचे, कारण थंडीत आखडलेले स्नायू सैल व्हायला वेळ लागतो आणि रस्त्यावर अंधार असतो.

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंत सुमारे ४५ किलोमीटर पायी जाणारे भाविक या भागाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. चालण्याची सवय असलेले पाय धावण्यालाही तयार आहेत असे मात्र समजू नये. धावताना प्रत्येक पावलावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडे आणि स्नायूबंध घट्ट व्हायला महिने लागतात. भरतीची जाहिरात निघाल्यावर घाईने रोज पाच-सहा किलोमीटर धावू लागलेल्यांची नडगी दुखू लागते ती याच तफावतीमुळे. दुखणे अंगावर काढले तर हाडाला सूक्ष्म तडा जातो आणि ऐन भरतीत विश्रांती घ्यावी लागते.

म्हणून सुरुवात आठवड्यातून तीन-चार दिवस, थोडे चालणे आणि थोडे धावणे अशी करावी. धावताना सोबत्याशी सलग वाक्य बोलता आले पाहिजे, इतपतच वेग पुरे. हळूहळू सलग अर्धा तास धावता येऊ लागले की मगच आठवड्यातून एक-दोनदा ४०० मीटरचे वेगवान राउंड घ्यावेत. डांबरी रस्त्यापेक्षा मुरमाचा रस्ता बरा, पण पावसाळ्यात काळ्या रानाच्या कडेची पायवाट टाळावी. चिखलात पाय घसरतो आणि विंचू-काट्याचे भय असते. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, ज्वारीची भाकरी, डाळ, अंडी, केळी हा घरचा आहार सरावाला पुरतो.

मुलींची तयारी याहून अवघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळते, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर कितीही सराव केला तरी दम टिकत नाही. सराव सुरू करण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घेणे महत्त्वाचे. सुरक्षिततेसाठी चार-पाच जणींनी मिळून धावणे सोयीचे पडते. याच जिल्ह्यातल्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून मुलीने मैदानावर जाण्याबद्दल घरच्यांशी बोलताना दाखवायला एक जवळचे नाव आहे.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणी काही खेळाडू म्हणून घडवले गेले नव्हते. बारावीनंतर ते सैन्यात गेले आणि स्पर्धात्मक धावणे तिथे सुरू झाले. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्य आणि पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. विशीत सुरुवात करणाऱ्यालाही उशीर झालेला नसतो, याचा इतका ठळक दाखला दुसरा नाही.

रस्त्यावरचा धोका गांभीर्याने घ्यायला हवा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पहाटेच रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. समोरून येणारे वाहन दिसेल अशा रीतीने उजव्या कडेने, फिक्या रंगाचे कपडे घालून आणि कानात इयरफोन न घालता धावावे. महामार्ग टाळून मैदान गाठणे सर्वांत चांगले. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी एखादे मैदान पहाटे पाचपासून उघडे ठेवून तिथे दिव्यांची सोय केली, तर अल्प खर्चात जीव वाचतील.

जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत तेव्हा असलेली पाच किलोमीटरची धाव धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला. छातीत दुखणे, चक्कर येणे, घाम अचानक थांबणे यांपैकी काहीही जाणवले तर धाव तिथेच थांबवावी, सावलीत बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भरती पुन्हा निघते.