इराणी चहा कुठला?

आता गुडलकचंच उदाहरण घेऊ. डेक्कनवर १९३५ पासून असलेलं हे हॉटेल. तिथला दुधाचा चहा आणि बनमस्का आपण इराणचे समजतो. पण बघा, इराणात चहा बिनदुधाचा. साखरेचा खडा दातांत धरून पितात. दुष्काळ आणि छळाला कंटाळून, विशेषतः यझ्द-केरमान भागातून, लोक आधी मुंबईत आले, मग पुण्यात. त्यांनी इथल्या गिऱ्हाइकाची जीभ ओळखून चहात दूध घातलं. डाळिंब-अक्रोडाचं फेसेंजान मात्र हॉटेलच्या टेबलावर सहसा आलं नाही. म्हणून एखादा इराणी बंद पडतो तेव्हा हरवते ती इथेच, आपल्यासाठी तयार झालेली चव. ती परत आणायला इराणला जाऊन उपयोग नाही.