साडेचौदा टक्के ओलावा

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात गहू कोरडा कधी म्हणायचा, हे कुणाच्या मतावर सोडलेलं नाही. कॅनेडियन ग्रेन कमिशनच्या नियमाप्रमाणे दाण्यात पाण्याचं प्रमाण 14.5 टक्के किंवा त्याहून कमी असेल तर तो कोरडा. 14.6 ते 17 टक्क्यांपर्यंतच्या गव्हाला 'टफ' म्हणतात आणि त्याच्या वरच्याला 'डॅम्प'. कॅनोला या तेलबियांसाठी हीच रेषा 10 टक्क्यांवर आहे. रेषेच्या अलीकडचं धान्य पूर्ण भावानं जातं. पलीकडच्या धान्याचा भाव कापला जातो किंवा वाळवणीचा खर्च शेतकऱ्याच्या नावावर पडतो. 2019 पासून पुढची सहा वर्षं कॅनडाच्या शेतीत कार्बन करावरून जे रणकंदन झालं, त्याच्या मुळाशी या दोन-चार टक्के पाण्याचा प्रश्न होता. हे पाणी उन्हानं जात नाही तेव्हा ते घालवायला एक यंत्र लागतं, ते म्हणजे धान्याचा ड्रायर. सुगीच्या छायाचित्रांत कंबाईन हार्वेस्टर दिमाखानं उभा असतो आणि ड्रायर मागे कोठ्यांच्या आडोशाला असतो. पण कर, हवामान आणि शेतकऱ्याचा नफा-तोटा ही तिन्ही ओझी त्याच्याच अंगावर येतात.

तिथला हंगाम समजल्याशिवाय ड्रायरची गरज समजत नाही. गहू मे महिन्यात पेरतात आणि ऑगस्टच्या अखेरीपासून कापणीला येतो. दोन कडाक्यांच्या मधे गोठवणारं दंव न पडणारे दिवस जेमतेम शंभर-सव्वाशे. ऑगस्टमध्ये ऊन आणि वारा दोन्ही जोरात असतात, शेतात उभा गहू आपोआप वाळतो. सप्टेंबर सरता सरता सूर्य खाली उतरतो, दिवस आखडतो, सकाळचं दव दुपारपर्यंत हटत नाही आणि संध्याकाळी पुन्हा उतरतं. म्हणजे मळणीला मिळतात दिवसाचे मोजके तास. त्यात चार दिवस पाऊस लागला तर ओंबीतच दाण्याला कोंब फुटतो, आणि मग तो गहू ब्रेडच्या कामाचा राहत नाही, जनावरांच्या खाद्याच्या भावानं जातो. अशा वेळी शेतकऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: वाट बघत प्रत खालावू द्यायची, नाहीतर ओलाच कापून घरी वाळवायचा.

कापणारं यंत्र मात्र थक्क करणारं आहे. कापणी आणि मळणी एकाच यंत्रात आणण्याचे प्रयोग अमेरिकेच्या मिशिगनमध्ये हिराम मूर यांनी 1830 च्या दशकात केले. तेव्हाचं ते धूड ओढायला घोड्यांचा ताफा लागे. ट्रॅक्टरशिवाय स्वतःच्या बळावर चालणारं कंबाईन मोठ्या प्रमाणावर बाजारात आणण्याचा मान कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीकडे जातो. टॉम कॅरल या मूळच्या ऑस्ट्रेलियन अभियंत्यानं तिथे ते घडवलं. दुसऱ्या महायुद्धात पोलाद तुटवड्यात असताना, 1944 साली या कंपनीनं 500 कंबाईनं बांधायची परवानगी मिळवली आणि ती अमेरिकेच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे, पीक तयार होत जाईल तशी, कापत नेली. त्या मोहिमेला 'हार्वेस्ट ब्रिगेड' असं नाव पडलं होतं. पंजाबातून निघून आपल्याकडे मराठवाड्या-विदर्भात येणारे हार्वेस्टर याच पद्धतीनं पिकामागून फिरतात.

आजच्या कंबाईनचं तोंड चाळीस-पन्नास फूट रुंद असतं. कापलेलं पीक आत ओढलं जातं, रोटर आणि त्याखालची जाळी यांच्यामध्ये ते घासलं जाऊन दाणा सुटतो, चाळण्यांवर पंख्याचा वारा उफणणीचं काम करतो, दाणा टाकीत चढतो आणि काड तुकडे होऊन मागे पसरतं. आपल्या खळ्यावर बैल, सूप आणि वारा मिळून जे काम दिवसभर करत, ते इथे काही सेकंदांत होतं. मोठं नवं कंबाईन त्याच्या तोंडासकट दहा लाख कॅनेडियन डॉलरच्या आसपास जातं, आणि ते वर्षातून काही आठवडेच चालतं. म्हणून सुगीत ते बंद पडणं परवडत नाही. बिघाड सॉफ्टवेअरमध्ये असेल आणि कुलूप कंपनीच्या हाती असेल, तर शेतकरी उभ्या पिकापुढे हतबल होतो. नोव्हेंबर 2024 मध्ये कॅनडानं कॉपीराइट कायदा बदलून दुरुस्तीसाठी अशी डिजिटल कुलपं उघडायला परवानगी दिली. त्यामागे शेतकऱ्यांचा रेटा मोठा होता.

एवढ्या समर्थ यंत्राला ओल मात्र सहन होत नाही. ओलसर काड रोटरभोवती गुंडाळतं, दाणा ओंबीतून नीट सुटत नाही आणि काडाबरोबर मागे पडतो. उलट फार कोरडा दाणा फुटतो. चालक त्यामुळे दर थोड्या वेळानं ओलावामापकात मूठभर दाणे टाकून बघतो. जुने शेतकरी दाणा दातांखाली धरून अंदाज घेतात: कटकन फुटला तर ठीक, दबला तर अजून थांबायचं. ही खूण आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही सांगावी लागत नाही.

आता ड्रायर. त्याची सर्वांत साधी पद्धत म्हणजे पत्र्याच्या कोठीच्या तळाला सच्छिद्र जमीन आणि खालून मोठा पंखा. बाहेरची हवा कोरडी आणि उबदार असेल तोवर नुसत्या वाऱ्यावर दाणा हळूहळू वाळतो. ऑक्टोबरमध्ये हवाच गार आणि दमट झाली की पंख्याचं चालत नाही. मग बर्नर पेटवावा लागतो. मोठ्या ड्रायरमध्ये धान्य वरून संथपणे खाली सरकतं, त्यातून तापलेली हवा आरपार जाते, आणि शेवटच्या टप्प्यात थंड हवेनं दाणा निवतो. बर्नरला प्रोपेन किंवा नैसर्गिक वायू लागतो. इथे उष्णतेचा हिशेब नाजूक असतो. दळायच्या गव्हाचा दाणा साठ-पासष्ट अंशांपलीकडे तापला तर त्यातलं ग्लुटेन बिघडतं. बियाण्याला आणि माल्टच्या सातूला त्याहून कितीतरी कमी तापमान ठेवावं लागतं, नाहीतर उगवणच मरते. म्हणून आच वाढवून घाई करता येत नाही, आणि कंबाईन जितक्या वेगानं धान्य आणतं तितक्या वेगानं ड्रायर ते उरकू शकत नाही. सुगीच्या रात्री घरातलं कुणीतरी ड्रायरपाशी जागं असतं.

वाळवणं टाळूनही चालत नाही. कॅनोलाचा दाणा कापल्यावरही कित्येक आठवडे श्वसन करत राहतो, कोठीत उष्णता आणि ओल सोडतो. दुर्लक्ष झालं तर कोठीच्या गाभ्यात माल तापतो, काळा पडतो, आणि लाखो डॉलरचं पीक वाया जातं. उणे तीस अंशांच्या हिवाळ्यातही हे घडतं, कारण बाहेरून गोठलेल्या कोठीच्या मध्यभागी ऊब कोंडलेली असते. आपल्याकडे पेवात नाहीतर कणगीत धान्य भरण्याआधी ते अंगणात पसरून कडक ऊन देत. तिथे ऊनच संपलेलं असतं.

2019 ची सुगी या सगळ्याची परीक्षा घेणारी ठरली. सप्टेंबरपासून पाऊस, मग बर्फ. सस्कॅचेवानसारख्या प्रेअरी (गवताळ मैदानांच्या) प्रांतांत कित्येक शेतं हिमाखाली गेली आणि तिथलं पीक पुढच्या वसंतात कापावं लागलं. जे कापलं ते ओलं होतं. ड्रायर आठवडेच्या आठवडे चालले. त्यातच नोव्हेंबरमध्ये सीएन या रेल्वे कंपनीत संप झाला आणि पूर्वेकडच्या प्रांतांत रेल्वेनं येणाऱ्या प्रोपेनचाच तुटवडा पडला, तोही मका वाळवायच्या ऐन वेळी. आणि याच वर्षी, 1 एप्रिलपासून, सस्कॅचेवान, मॅनिटोबा, ओंटारिओ आणि न्यू ब्रन्सविक या प्रांतांत केंद्र सरकारचा इंधनावरचा कार्बन आकार सुरू झाला होता.

कर लावताना शेतकऱ्यांचा विचार अजिबात झाला नव्हता, असं म्हणणं खरं नाही. ट्रॅक्टर-कंबाईनच्या डिझेलला सुरुवातीपासून सूट होती. काचघरात भाजी-फुलं पिकवणाऱ्यांना वायू आणि प्रोपेनवर 80 टक्के सवलत होती. जनावरांच्या पोटातून निघणाऱ्या मिथेनवर आणि खतातून सुटणाऱ्या नायट्रस ऑक्साइडवर आकारच नव्हता. सवलतीबाहेर राहिलं ते फक्त ड्रायर आणि गोठे-खुराडी गरम करणं. सुरुवातीला कार्बन उत्सर्जनाच्या टनामागे 20 डॉलर असलेला दर 2024 मध्ये 80 वर पोचला आणि 2030 पर्यंत 170 व्हायचा होता. प्रोपेनच्या भाषेत सांगायचं तर लिटरमागे 3.10 सेंटांवरून 12.38 सेंटांवर.

हे ओझं नक्की किती, याचा हिशेब मांडून पाहिला. साडेअठरा टक्के ओलाव्याचा एक टन गहू साडेचौदावर आणायचा तर सुमारे 47 किलो पाणी काढावं लागतं. किलोमागे 5 मेगाज्यूल धरले, तर साधारण नऊ-सव्वानऊ लिटर प्रोपेन जळतं. त्यावर 2024 च्या दरानं कर होतो सव्वा डॉलरच्याही आत. हजार टनांना हजार-बाराशे डॉलर. दहा लाखांच्या कंबाईनसमोर हा आकडा लहान दिसतो. पण ओंटारिओतला मका घ्या. तो 25 टक्के ओलाव्यानं कापतात आणि 15 वर आणतात, म्हणजे टनामागे जवळपास 118 किलो पाणी. इथे कर तीन डॉलरच्या घरात जातो, आणि मक्याचं एकरी उत्पन्न गव्हाच्या तिप्पट. हजार एकरांवर बारा-तेरा हजार डॉलर होतात. ड्रायर आणि गोठ्या-खुराड्यांच्या इंधनाला करातून सूट मागणारं सी-234 विधेयक 2022 मध्ये मांडणारे खासदार बेन लॉब ओंटारिओच्याच मतदारसंघातले होते, यामागचं गणित हे.

शेतकऱ्याचा मुख्य मुद्दा रकमेहून वेगळा होता, आणि मला तो रास्त वाटतो. कार्बनवर किंमत लावण्याचं तत्त्व असं की महाग इंधनामुळे माणूस दुसरा मार्ग निवडेल. शहरातला माणूस बसनं जाईल, घराला उष्मारोधक अस्तर लावेल. ऑक्टोबरात ओल्या गव्हापुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कोणता मार्ग आहे? इतक्या मोठ्या प्रमाणावर विजेवर वाळवायची सोय शेतावर नाही, आणि सस्कॅचेवानची वीजही बरीचशी कोळसा आणि वायूपासून येते. वाढलेला खर्च तो पुढे ढकलूही शकत नाही, कारण गव्हाचा भाव जागतिक बाजारात ठरतो. पर्याय नसलेल्या जागी लावलेली किंमत वागणूक बदलत नाही, फक्त वसुली करते. सरकारनं नंतर शेतखर्चाच्या प्रमाणात काही रक्कम परत द्यायला सुरुवात केली आणि 2021 च्या अर्थसंकल्पात सुधारित ड्रायरसाठी 5 कोटी डॉलर ठेवले. परतावा शेतखर्चाच्या हिशेबानं होता, ड्रायर किती चालला याच्याशी त्याचा संबंध नव्हता. ओल्या वर्षी ज्याचं जास्त जळलं, त्याचंच जास्त गेलं.

दुसरी खंत जुनी आणि खोल आहे. सस्कॅचेवानच्या शेतकऱ्यांनी 1980 आणि 90 च्या दशकांत नांगरणी सोडली. इंडियन हेड गावचे जिम हॅलफोर्ड यांच्यासारख्या शेतकऱ्यांनी न नांगरलेल्या जमिनीत थेट बी आणि खत पेरणारी यंत्रं स्वतः घडवली. हॅलफोर्ड यांचं 'कॉन्झर्वा पॅक' पुढे 2007 मध्ये जॉन डिअरनं विकत घेतलं. जमीन पडीक ठेवण्याची प्रथा आटली, धूप थांबली आणि लाखो एकरांच्या मातीत कार्बन साठू लागला. कर आला तेव्हा या आधीच केलेल्या कामाला जमेच्या बाजूला जागा मिळाली नाही.

तरीही हवामानबदलाची काळजी ही शहरी लोकांची हौस आहे, असा जो सूर काही सभांतून निघाला, तो मान्य करता येत नाही. 2021 च्या दुष्काळात कॅनडाचं गव्हाचं उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घसरलं. एका वर्षी बर्फाखाली आणि दोन वर्षांनी रखरखाटात पीक गमावणाऱ्या माणसाइतका हवामानाचा खरा वाटेकरी दुसरा कोण? शेतीच्या उत्सर्जनातला मोठा भाग खत आणि जनावरांतून येतो. ड्रायरच्या भांडणात तो प्रश्न बाजूलाच पडला, हे नुकसान दोन्ही बाजूंचं झालं.

पुढचं राजकारण थोडक्यात. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी कर वैध ठरवला. सी-234 मार्च 2023 मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं, सेनेटनं डिसेंबरमध्ये त्यातून इमारती गरम करण्याची सूट काढली, आणि दुरुस्त विधेयक परत येऊन रखडलं. मार्च 2025 मध्ये संसद विसर्जित झाली तसं ते संपलं. त्याआधीच नवे पंतप्रधान मार्क कार्नी यांनी सामान्य ग्राहकांवरचा इंधन आकार 1 एप्रिल 2025 पासून शून्यावर आणला होता.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध स्वयंपाकघरातूनच येतो. रगड्याचा पांढरा वाटाणा आणि आमटीची मसूर यांचा मोठा वाटा सस्कॅचेवानमधून येतो. तिथल्या विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी 1970 च्या दशकात मसुरीचे वाण काढले, तेव्हापासून ते पीक तिथे रुजलं. नोव्हेंबर 2017 मध्ये भारतानं वाटाण्यावर 50 टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्याचं वर्ष इथल्या एका अधिसूचनेनं फिरलं. आणि ओलाव्याची रेषा आपल्याकडेही तितकीच निष्ठुर आहे. हमीभावाच्या सोयाबीन खरेदीला 12 टक्के ओलाव्याची अट होती. 2024 च्या खरिपात काढणीच्या वेळी पावसानं ती पाळणं अशक्य केलं, आणि केंद्रानं नोव्हेंबरमध्ये ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली. तोवर अनेकांनी पडत्या भावात व्यापाऱ्याला माल घालून टाकला होता. लातूरच्या शेतकऱ्याकडे ड्रायर नाही, आणि ताडपत्रीवर पसरलेल्या शेंगांना ऊन मिळालं नाही तर त्याच्यापाशी दुसरं साधन नाही.

कॅनडात कर गेला, मोठ्या उद्योगांवरचा कार्बनदर राहिला, आणि तो खत कारखान्यांनाही लागू आहे. ड्रायरचे बर्नर प्रोपेन आणि वायूवरच पेटतात. बाहेर जाणारी तापलेली हवा पुन्हा वापरणारे ड्रायर आहेत, त्यांनी इंधन वाचतं. पण जुना चांगला चालणारा ड्रायर काढून लाखो डॉलरचा नवा बसवायचा तर ओल्या सुग्या वरचेवर याव्या लागतात, आणि सलग कोरडी वर्षं गेली की तो हिशेब पुन्हा मागे पडतो.