आजारी मांजर घरी आणताना
हजरत अबू कतादा (रजि.) वुजू करत असताना एक मांजर पाण्याशी आले. त्यांनी भांडे त्याच्यासाठी कलते केले आणि चकित झालेल्या सुनेला प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली: मांजर नापाक नाही, ते घरात वावरणारेच आहे.

निवारागृहातले आजारी मांजर काही दिवस सांभाळायला आणाल, तर रहमतीबरोबर माहितीही हवी. पहिले दोन आठवडे त्याला इतर मांजरांपासून वेगळे ठेवा. गाईच्या दुधाने जुलाब होऊ शकतात. पॅरासिटामॉल त्याला विषच. दिवसभर खाल्ले नाही, तर जनावरांचे डॉक्टर गाठा. उपासाने यकृत बिघडते. गरोदर बाईने त्याची विष्ठा काढू नये.

मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला अजाब झाल्याचे बुखारी शरीफमध्ये आहे. म्हणून कायमचे ठेवण्याआधी घरात सर्वांना विचारा: ही अमानत निभावेल ना?